बर्फाच्या भिंतीपुढे

मे महिना उतरणीला लागला की दादर, परळ, गिरगाव या टापूतल्या परिचितांकडून एक विशिष्ट छायाचित्र येऊ लागते. पूर्वी ते अल्बममधून, चहा-पोह्यांच्या साक्षीने समोर येई. आता ते मोबाइलवर, सकाळच्या सुविचारांच्या आगेमागे येते. छायाचित्र एकच असते, त्यातली कुटुंबे तेवढी बदलतात. मागे दोन पुरुष उंचीची पांढरी भिंत, तिच्यावर गडद निळे आकाश, पुढे भाड्याने घेतलेले भडक रंगांचे कोट आणि गमबूट घातलेली माणसे. मुलाने ओंजळभर बर्फ उधळलेला असतो, वडिलांनी काळा चष्मा लावलेला असतो आणि आईच्या कोटाखालून साडीचा काठ डोकावत असतो. ठिकाणाचे नाव खाली लिहिलेले असते: रोहतांग, बारालाचा, झोजी ला, खारदुंग ला. ते नाव झाकले तर कोणते छायाचित्र कोठले, हे सांगणे बहुधा कोणालाच जमू नये.

या छायाचित्राची टिंगल करण्याचा आमचा मानस नाही. (तशी टिंगल मराठीत पुष्कळ झाली आहे आणि ती करणाऱ्यांच्या घरच्या अल्बमांतही हीच छायाचित्रे असणार, अशी आमची खात्री आहे.) आम्ही मराठीचे अध्यापक, छायाचित्रणकलेत आमची गती बेताचीच. परंतु ‘प्रवासवर्णन’ हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवायचा म्हटले की आज या छायाचित्राला वळसा घालून जाता येत नाही. विद्यार्थ्याला ‘तू पाहिलेल्या एखाद्या स्थळाविषयी लिही’ असे सांगावे, तर तो आधी मोबाइल उघडतो, छायाचित्र पाहतो आणि मग त्याविषयी लिहितो. स्थळाची जागा छायाचित्राने घेतली आहे. म्हणून छायाचित्र कसे वाचावे हा प्रश्न आता आमच्याही विषयाचा झाला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: उंच पहाडी रस्त्यावरच्या या छायाचित्रांत बर्फ असतो, माणसे असतात, आकाश असते; रस्ता मात्र नसतो. ज्याच्यावर उभे राहून ते टिपले जाते तीच वस्तू तेवढी चौकटीबाहेर राहते, आणि तिच्याबरोबर ती घडवणारी माणसेही.

प्रथम त्या पांढऱ्या भिंतीविषयी. ती निसर्गाने उभारलेली आहे असे छायाचित्र पाहणाऱ्यास वाटते, काढणाऱ्यासही वाटते. वास्तविक निसर्गाने बर्फ सरसकट अंथरलेला असतो. त्याच्याखाली रस्ता कोठे आहे हेही हिवाळ्यात कळत नाही. वसंतात सीमा सडक संघटनेची माणसे आणि यंत्रे दोन्ही बाजूंनी चढत येतात, बुलडोझरने आणि बर्फ कापून दूर भिरकावणाऱ्या यंत्रांनी गाडीपुरती वाट मोकळी करतात. या कापलेल्या वाटेची कड म्हणजे ती भिंत. तिच्यावर यंत्राच्या पात्याचे आडवे ओरखडे बारकाईने पाहिल्यास दिसतात. म्हणजे ज्या दृश्यापुढे आपण ‘निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र’ असे उद्गार काढतो, ते दृश्य रस्त्याच्या खोदकामाची बाजू असते. घाटातला कापलेला डोंगर पाहून आपण असे उद्गार काढत नाही. त्याचा रंग पांढरा नसतो, एवढाच फरक.

ही संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली. तिचे रस्ते मुळात सैन्यासाठी. पर्यटक त्यांवर मागाहून आले. लडाख पर्यटकांना १९७४ साली खुले झाले. खारदुंग लावरचा रस्ता १९७६ साली बांधला गेला आणि खासगी वाहनांना तो १९८८ पासून मिळाला. सैन्याची रसद नुब्रा खोऱ्यात आणि पुढे सियाचेनकडे पोहोचवणे हे त्याचे खरे काम आहे. रोहतांगची कथा आणखी बोलकी आहे. ३,९७८ मीटरवरची ही खिंड ओलांडल्याखेरीज मनालीहून लाहौलमध्ये जाता येत नसे. लाहौलच्या लोकांचे हिवाळ्यातले आजारपण, बाळंतपण, सारे या खिंडीच्या मर्जीवर असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि खिंड ओलांडण्याची गरज संपली. तरीही रोहतांगला गर्दी होतेच. राष्ट्रीय हरित लवादाला तिथे रोज किती गाड्या जाव्यात यावर मर्यादा घालावी लागली, कारण गाड्यांच्या धुराची काजळी बर्फावर बसते आणि काळवंडलेला बर्फ लवकर वितळतो. आज रोहतांगला जाणारा पर्यटक पलीकडे कुठे जात नसतो. तो छायाचित्रापर्यंत जातो आणि परततो.

हे छायाचित्र हिमालयात जन्मलेले नाही, असा आमचा दावा आहे. ते मुंबईत फार आधीपासून तयार होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. पुढे गिरगाव-काळबादेवीच्या बाजूला स्टुडिओ वाढले आणि प्रत्येक स्टुडिओत रंगवलेला पडदा आला: संगमरवरी जिना, कमानी, सरोवर, आणि मागे डोंगर. पडद्यापुढे खुर्ची, खुर्चीवर गृहस्थ, बाजूला उभी गृहिणी, आणि डोळे समोर. माणसाने दृश्याकडे पाठ करून उभे राहायचे, हा संकेत तेव्हाच रूढ झाला. खारदुंग लावरचा गृहस्थ त्याच संकेताला अनुसरून पहाडाकडे पाठ करतो. पडदा तेवढा खरा मिळाला आहे.

मुंबईकराचा पहिला बर्फ तर त्याहून वेगळ्या ठिकाणचा. लालबाग-परळच्या सार्वजनिक गणेशोत्सवात ज्यांचे बालपण गेले, त्यांनी अमरनाथची गुहा, कैलास आणि केदारनाथ तिथेच पाहिले. लोखंडी सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर प्लास्टर, आणि शिखरांवर कापूस. कुठे कुठे थर्माकोल. २०१८च्या बंदीनंतर त्याची सद्दी संपली. निळ्या दिव्यांच्या उजेडात तो कापूस खरोखरच बर्फासारखा दिसे आणि रांगेतून पुढे ढकलले जाता जाता मुले तो हळूच उपटून घेत. तिथेही छायाचित्रे काढली जात. ‘जंगली’ (१९६१) पाहून काश्मीरचा बर्फ डोक्यात बसलेली पिढी आणि ‘थ्री इडियट्स’ (२००९) पाहून लडाखचे निळे पाणी डोक्यात बसलेली पिढी, दोघींच्या मधला दुवा हा कापसाचा बर्फ आहे असे आम्हांस वाटते.

विद्यार्थ्यांच्या वह्यांतून याचा प्रत्यय येतो. ‘बर्फ कापसासारखा पसरला होता’ हे वाक्य ज्यात नाही असे हिमालयवर्णन आम्ही क्वचितच तपासले असेल. उपमा झिजलेली आहे हे खरे. पण ती नक्कल करूनच आली असेल असे नाही. आपल्या भाषेत या वस्तूसाठी शब्दच तोकडे आहेत. ‘हिम’ संस्कृतातून आला आणि काव्यातच राहिला; ‘बर्फ’ फारसीतून आला आणि बाजारात उतरला. मुंबईत बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी, ससून डॉकवर मासळीत घालायचा चुरा, चौपाटीवरचा गोळा. आकाशातून पडणाऱ्या, भुसभुशीत, पावलाखाली करकरणाऱ्या पदार्थासाठी आणि सरबतातल्या खड्यासाठी एकच शब्द. मग मुलगा कापसाकडे वळतो. आणि परळच्या मुलाने कापसाकडे वळावे यात त्याला स्वतःला ठाऊक नसलेला एक वारसा आहे. त्याच्या आजोबांनी गिरणीत कापसाची गाठ फोडण्याच्या, पिंजण्याच्या खात्यांत जो बर्फ पाहिला तो हवेतून उडत असे, भुवयांवर आणि केसांवर बसे, आणि वर्षानुवर्षे छातीत जाऊन दम्यासारखा आजार देई. पांढरे दृश्य आणि त्याखालचे श्रम यांचा संबंध या वस्तीला नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्या गेल्या. लोअर परळच्या मॉलमध्ये हिवाळ्याच्या सेलमध्ये काचेमागे पुन्हा कापसाचा बर्फ घालतात. असो, हा विषय वेगळा आहे.

आता थोडे कॅमेऱ्याविषयी. कारण आमचा मुद्दा त्याच्या यंत्रणेतच दडलेला आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या दृश्याला ‘सरासरी’ दृश्य समजतो. जगातली उजळ आणि गडद ठिकाणे एकत्र केली तर साधारण मध्यम करडा रंग येतो, या गृहीतकावर त्याचे माप बसवलेले असते. गिरगावच्या गल्लीत हे गृहीतक बरोबर ठरते. बर्फात ते कोसळते. समोर सगळेच लख्ख पांढरे आहे हे त्या यंत्राला कळत नाही. ‘उजेड फार झाला’ असे समजून ते प्रकाश कमी घेते, आणि बर्फ करडा येतो, माणसांचे चेहरे काळवंडतात. जाणता छायाचित्रकार म्हणून मुद्दाम एक ते दोन टप्पे अधिक प्रकाश देतो. म्हणजे यंत्र सांगते त्याच्या दुप्पट ते चौपट. सावल्यांत बर्फ निळा दिसतो, कारण तिथे सूर्याचा थेट उजेड नसून आकाशाचा उजेड पोहोचलेला असतो. डोळा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, फिल्म करीत नसे. ज्यांनी रोलच्या काळात हिमालय पाहिला, त्यांना दादरच्या लॅबमधून आलेले ते निळसर-करडे प्रिंट आठवत असतील. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले वीस बर्फाचे, आणि बर्फ पाण्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा. लॅबमधले प्रिंट काढणारे यंत्रही सरासरीच धरीत असे, त्यामुळे छायाचित्रकाराने केलेली दुरुस्ती ते पुन्हा पुसून टाकी. ‘क्लिक थ्री’वर तर एका रोलमध्ये बाराच छायाचित्रे मिळत आणि प्रकाशाचे माप डोळ्यांनीच घ्यावे लागे. थंडीने बॅटरी मान टाकी ती वेगळीच.

आजच्या मोबाइलला यांतले काही सांगावे लागत नाही. समोर बर्फ आहे हे तो ओळखतो, एकाच दाबात अनेक छायाचित्रे घेऊन ती जुळवतो, बर्फ पांढरा करतो, आकाश अधिक निळे करतो आणि चेहरा उजळतो. तंत्र म्हणून हे विलक्षण आहे. पण त्यामुळे एक गोष्ट नाहीशी झाली: छायाचित्र काढणाऱ्याने ‘समोर जे आहे ते यंत्राला कळत नाही, मला कळते’ असे ठरवण्याचा क्षण. रोलच्या काळातला फसलेला करडा बर्फ निदान प्रश्न तरी विचारायला लावी. आता कोणाचेच काही फसत नाही, आणि सर्वांची छायाचित्रे सारखी येतात.

मराठी प्रवासवर्णनाचेही असेच काहीसे झाले आहे, असे धाडसाने म्हणावेसे वाटते. लेखकाची वाक्यरचना आता आपोआप दुरुस्त होते. ‘शुभ्रधवल’, ‘नयनरम्य’, ‘अवर्णनीय’ ही विशेषणे म्हणजे भाषेतला स्वयंचलित प्रकाशमापक. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) या पुस्तकाची गोडी कशात आहे, असे विद्यार्थी विचारतात. १८५७च्या धामधुमीत सापडलेला हा भिक्षुक दक्षिणेची आशा, पैशांची जपणूक, पायपीट, वाटचोर आणि गंगेच्या पाण्याची कावड यांविषयी लिहितो. रस्ता त्याला टाळता येत नाही, कारण रस्ता त्याच्या पायांना लागलेला आहे. काकासाहेब कालेलकरांनी १९१२ साली हिमालयात पायी प्रवास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक मूळ गुजरातीत असले तरी मराठी वाचकाने ते आपलेच मानले. पायी चालणाऱ्याच्या गद्यात चढ असतो, दम लागतो, ओझे कोणी उचलले ते येते. गाडीतून उतरून दहा मिनिटे थांबलेल्या माणसाच्या गद्यात हे कोठून यावे? यात त्याचा दोष नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. तिथे फार वेळ रेंगाळू नये असे डॉक्टरच सांगतात. सहल-व्यवस्थापकाची शिट्टी वाजते ती योग्य कारणासाठीच.

तरीही ‘ओझे कोणी उचलले’ हा प्रश्न सोडता येत नाही, कारण बर्फातल्या छायाचित्राच्या जन्मापासून तो त्याला चिकटलेला आहे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली हिंदुस्थानात आला. १८६६ साली त्याने स्पितीच्या वाटेवर मणिरंग खिंडीत, त्याच्याच मोजणीप्रमाणे १८,६०० फुटांवर, छायाचित्रे घेतली. इतक्या उंचीवरचे छायाचित्र पुढे कित्येक वर्षे कोणाला साधले नाही. त्या काळी काचेच्या पट्टीवर ओले रसायन चढवून ती वाळण्याच्या आत छायाचित्र घेऊन, धुऊनही काढावे लागे. म्हणजे काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू हे सारे खिंडीपर्यंत न्यायचे. ते माणसांच्या पाठीवरून गेले. बोर्नने आपल्या सफरींचे वृत्तान्त ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त लिहिले, त्यांत हमाल पळून जातात याची तक्रार आहे, त्यांना हुडकून काठीच्या धाकाने परत आणल्याचीही हकिकत आहे. बोर्न खोटे बोलत नाही, लपवतही नाही. त्याच्या लेखनात हमाल आहेत; त्याची कीर्ती ज्या निसर्गदृश्यांवर उभी आहे, त्यांचा विषय मात्र हमाल नाहीत. शब्दांनी जे सांगितले ते चित्राने वगळले, हा भेद साहित्याच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्याजोगा आहे. ‘बोर्न अँड शेफर्ड’ या त्याच्या पेढीची शाखा पुढे मुंबईतही होती. इथल्या श्रीमंतांच्या भिंतींवर हिमालय टांगला गेला तो असा.

आजच्या रस्त्यावरचे हमाल कोण? लडाखच्या रस्त्यांवर उन्हाळ्याच्या हंगामात काम करणाऱ्यांत झारखंडच्या संथाल परगण्यातले, विशेषतः दुमका जिल्ह्यातले, मजूर मोठ्या संख्येने असतात. हे बहुतेकांना २०२० सालापर्यंत ठाऊक नव्हते. टाळेबंदीत ते तिथे अडकले. मे महिन्याच्या अखेरीस साठ मजुरांना झारखंड सरकारने लेहहून विमानाने रांचीला आणले, तेव्हा त्यांची छायाचित्रे प्रथम वर्तमानपत्रांत आली. विमानातून उतरणारे मजूर ही बातमी होती. रस्त्यावर उभे असलेले मजूर ही कधी बातमी नव्हती. दोनच आठवड्यांत, जूनमध्ये, सीमेवरचा तणाव वाढल्यावर दीड हजारांहून अधिक मजूर दुमक्याहून विशेष गाडीने पुन्हा लडाखकडे रवाना झाले. बर्फाशी यांचाही जन्मजात संबंध नाही. त्या बाबतीत ते आणि परळचा पर्यटक सारखेच परके. एक बर्फात दहा मिनिटे राहतो, दुसरा अख्खा हंगाम.

खारदुंग लावरचा पिवळा फलक हा या छायाचित्रांचा मानबिंदू. अनेक वर्षे त्यावर १८,३८० फूट ही उंची आणि ‘जगातील सर्वांत उंच मोटाररस्ता’ हे बिरुद झळकत होते. प्रत्यक्ष मोजणीत खिंडीची उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरते. उंचीचा मान तर आता तिच्याकडे उरलेलाही नाही. याच संघटनेने उमलिंग लापर्यंत १९,०२४ फुटांवर रस्ता नेला आणि २०२१ साली त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रोलाँ बार्थने छायाचित्राविषयी म्हटले होते, त्याचा आशय असा की छायाचित्र इतर काही सांगो न सांगो, ‘हे होते’ एवढे निश्चित सांगते. फलकापुढचे छायाचित्र ‘मी इथे होतो’ हे निश्चित सांगते, आणि त्याच दमात आठशे फुटांची थाप सांगते. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, मग हा पुरावा खरा की खोटा?’ परीक्षेत घालावा असा प्रश्न आहे. आम्ही अजून घातलेला नाही, कारण उत्तरपत्रिका कशी तपासावी यावर आमच्यात एकमत नाही.

या टीकेला दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा: आयुष्यात एकदा, पैसे साठवून, हिमालयात गेलेल्या माणसाला दहा मिनिटे आनंदाने उभे राहू द्या. तुम्ही अध्यापक मंडळी त्याच्या आनंदातही अभ्यासक्रम काढता. आक्षेप खरा आहे. मराठी मध्यमवर्गाच्या या सहली फार जुन्या नाहीत. ‘अपूर्वाई’ (१९६०) वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रवास पुस्तकातूनच करायचा होता. १९८४ साली सुरू झालेल्या ‘केसरी’सारख्या मराठी संस्थांनी सहल घरच्या जेवणासह, घरच्या भाषेत शक्य केली. २०१०पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलतीत जम्मू-काश्मीरला विमानाने जाता येऊ लागले, तेव्हा लडाख त्या राज्यातच असल्याने परळच्या कितीतरी घरांना लेह पहिल्यांदा गाठता आले. सुसान सोंटॅगने १९७७च्या आपल्या पुस्तकात असे निरीक्षण नोंदवले आहे, की कामाची शिस्त अंगी मुरलेल्या समाजांतले लोक सहलीत छायाचित्रे अधिक काढतात. काम न करण्याची रुखरुख त्यामुळे कमी होते. रोज ७.५२ची लोकल पकडणाऱ्या माणसाला हे निरीक्षण लागू पडते. त्याला रिकाम्या हाताने बर्फाकडे पाहत बसणे जमत नाही. त्याच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. आमची अपेक्षा त्या माणसाकडून नाहीच मुळी. ती साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांकडून आहे. छायाचित्र सर्वांनी काढावे. ते वाचायचे कसे, हे कोणीतरी शिकवले पाहिजे.

दुसरा आक्षेप आमच्याच एका सहकारी प्राध्यापिकेचा. त्या म्हणाल्या, ‘मग काय, आता पर्यटकांनी मजुरांचे फोटो काढायचे? बर्फ, याक आणि मजूर? दगड फोडणाऱ्या बाईच्या तोंडापुढे मोबाइल धरायचा?’ याला आमच्याकडे तत्काळ उत्तर नव्हते. गाडीच्या खिडकीतून टिपलेला थकलेला चेहरा हेही एक तयार छायाचित्रच आहे, आणि ते बर्फाच्या भिंतीपेक्षा अधिक आक्षेपार्ह ठरू शकते, कारण भिंतीला लाज वाटत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली ती वर्षानुवर्षे त्यांच्यात वावरून, त्यांच्या कामाच्या वेळी आणि त्यांच्या घरी. पर्यटकापाशी तो वेळ नाही. म्हणून आमचा कल शब्दांकडे आहे. जे कॅमेऱ्याने टिपणे अशिष्ट ठरेल ते लिहिणे अशिष्ट ठरत नाही. निदान तितके ठरत नाही. लिहिताना माणूस नंतर, एकटा बसून, आठवतो; कोणाच्या तोंडापुढे काही धरावे लागत नाही. आणि आठवायचे तर तेव्हा पाहिलेले असावे लागते. सहकारी बाईंना हे अर्धेच पटले आहे.

याच वादातून दोन वर्षांपूर्वी आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक प्रकल्प दिला. घरातले प्रवासाचे एक छायाचित्र घ्यायचे. एक पान छायाचित्रात काय आहे याविषयी, आणि तीन पाने छायाचित्राच्या चौकटीबाहेर त्या क्षणी काय होते याविषयी. पहिले पान सर्वांनी भरले. पुढच्या तीन पानांनी बहुतेकांचा घाम काढला. काहींनी हॉटेलचे जेवण लिहिले, काहींनी गाडी लागण्याची (उलट्यांची) हकिकत लिहिली. ती वाईट नव्हती. एका मुलीचा प्रकल्प मात्र आम्ही सर्वांनी आळीपाळीने वाचला. तिचे वडील शहरातल्या रस्त्यांच्या कामावर डांबराच्या टोळीत आहेत. काकांच्या सवलतीतून ते एकत्र कुटुंब मनाली-लेह रस्त्याने गेले होते. छायाचित्र नेहमीचेच: भिंत, कोट, उधळलेला बर्फ. तीन पाने डांबरावर होती.

तिने लिहिले होते की गाडीचे दार उघडताच आधी थंडी लागली नाही, वास आला. घरी वडिलांच्या कपड्यांना येतो तोच. वळणापलीकडे पिंप आणि त्याखाली जाळ होता. तिचे वडील फोटोसाठी उभे न राहता तिकडे गेले आणि भाषा येत नसताना तिथल्या माणसांशी बोलत राहिले. या थंडीत डांबर पाहता पाहता आळते, ते इतक्या घाईने पसरावे लागते की आपल्याकडे भर पावसाळ्याआधीही एवढी धावपळ होत नाही, हे त्यांनी तिला परतीच्या वाटेवर सांगितले. हातांची बोटे बधिर असताना खडीची पाटी कशी तोलतात हे त्यांना कळले नाही, असेही. बायकांची तोंडे फडक्यांनी बांधलेली होती, धुराने की थंडीने ते तिला ठरवता आले नाही. एकीला तिने गाव विचारले. उत्तर ‘दुमका’ असे ऐकू आले. ते गावाचे नाव आहे की होकाराचा कुठला शब्द, हे तिला मुंबईत येऊन नकाशा पाहीपर्यंत समजले नव्हते. कुटुंबाच्या छायाचित्रात वडील नाहीत. ते का नाहीत, हे घरात कोणी विचारत नाही, कारण सर्वांना वाटते की फोटो त्यांनीच काढला.

हे प्रवासवर्णन आहे की समाजशास्त्र, असा प्रश्न आमच्या विभागाच्या बैठकीत निघाला आणि चहा थंड होईपर्यंत चालला. यंदाच्या वर्गातली बहुतेक मुले हिमालयात गेलेली नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही बोरघाट धरला आहे. तिथला लोहमार्ग १८६३ साली, बोर्न हिंदुस्थानात आला त्याच वर्षी, पुरा झाला, आणि खंडाळ्याच्या पावसाळी सहलीचे छायाचित्र प्रत्येकाच्या घरी निघतेच.